इयरफोन म्हनलतं मी

आमच्या गावात मला साउंडवाला म्हणतात. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या या गावात साउंड म्हणजे लग्नातला डीजे, ट्रॉलीवर रचलेले डबे आणि त्यांच्या मागे खर्रा चघळत बसलेला ऑपरेटर. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून लॅपटॉपच्या आवाजाचे ड्रायव्हर, म्हणजे आवाजाची चिप चालवणारे प्रोग्राम लिहितो, हे सुरुवातीला चार-दोन जणांना समजावून सांगायला गेलो होतो. त्यातल्या एकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमच्या भाचीच्या लग्नात बेस कमी काहून येत होता?" त्या दिवसापासून मी समजावणं सोडलं. आणि खरं सांगतो, त्या ऑपरेटरचा जगाला माझ्यापेक्षा जास्त उपयोग आहे. त्यानं आवाज काढला तर निदान लोक नाचतात.

माझं काम काय, तर आवाजाला रस्ता दाखवायचा. लॅपटॉपच्या पोटात आवाजाची एक चिप असते. तिच्यात लहान लहान टप्पे असतात. एक आकड्यांचा आवाज करतो, एक दोन आवाज मिसळतो, एक तो मोठा करतो, आणि शेवटी दोन दारं, एक स्पीकरचं आणि एक इयरफोनचं. कोणता टप्पा कोणाला जोडायचा याची यादी ड्रायव्हरमध्ये लिहावी लागते, एका ओळीत एक जोड. त्यातही शहाणपणा असा की पोचायचं ठिकाण आधी लिहायचं आणि निघायचं ठिकाण नंतर. हे ज्यानं ठरवलं तो माणूस जन्मात कधी एसटीत बसला नसावा.

बरं, वीज वाचली पाहिजे म्हणून सिस्टीम काय करते, ज्या टप्प्यापासून दारापर्यंत सलग रस्ता नाही त्याला झोपवून ठेवते. एक ओळ गळाली की सगळी गाडी झोपली. आणि तक्रार कोणीच करत नाही. पडद्यावर गाणं पुढं सरकत असतं, आवाजाची पट्टी नाचत असते, सगळं आलबेल, फक्त आवाज तेवढा नाही. शेतात मोटर चालू असावी आणि ठिबकचा वाल बंद असावा, तसं. पण शेतकऱ्याला कोरडी नळी दिसते तरी. आमच्या मॅनेजरला काही दिसत नाही, तो फक्त लॉग पाहतो, म्हणजे सिस्टीमची नोंदवही. तो विचारतो, "लॉगमध्ये एरर आहे का?" नाही म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपला. अशा माणसांमध्ये दहा वर्षं काढली की आपणही तसेच होतो, हे मला फार उशिरा कळलं.

मला मोठी बहीण आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचं वय तेव्हा त्रेचाळीस. घरात मी, आई, बाबा, ती आणि भिंतीला भिंत लावून राहणारे मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका. ताईबद्दल पाहुण्यांना सांगायचं आमच्या घरचं एक ठरलेलं वाक्य होतं: "तिले आमीच सांभाळतो." हे वाक्य म्हणताना बाबांच्या हातात जो चहा असायचा तो ताईनं केलेला असायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बायांचा चहा, घरच्या भाकरी, ठेचा, धुणं, मोठेबाबांच्या गोळ्या वेळेवर देणं, सगळं तीच करायची. कोण कोणाला सांभाळून राह्यलं हे दिसायला डोळे लागत नाहीत. आमचे तर धडधाकट होते.

काही वर्षांपूर्वी ताई यवतमाळला एका संस्थेत चार महिने राहून कॉम्प्युटर शिकून आली. येताना तिथून एक जुना लॅपटॉप मिळाला. पडद्यावर जे असेल ते तो बाईच्या आवाजात मराठीत वाचून दाखवायचा. ताईच्या बोटांचा वेग पाहून मी चकित झालो, पण तोंडानं काही बोललो नाही. आमच्या घरात कौतुक फक्त बैलाचं आणि जावयाचं होतं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्या घरी फोन कोणी कानाला लावत नाही. फोन आला की स्पीकर चालू करायचा, फोन ओसरीतल्या बाजेवर ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून ओरडायचं. मावशीचा गुडघा, मामाची सोयरीक, कृषी केंद्रवाल्याचं खत, सगळं सगळ्यांसमोर. पलीकडून मोठेबाबा भिंतीवरून मत देतात. कोणी फोन कानाला लावून बाजूला गेलं की त्याच्याकडे चोरासारखं पाहतात. मी पुण्यात राहून आलो तरी माझा फोनसुद्धा बाजेवरच असतो. फक्त ताई तेवढी इयरफोन घालायची. लॅपटॉप घेऊन ती कापसाच्या खोलीत जाऊन बसायची. दिवाळीनंतर आमची ती मधली खोली वेचलेल्या कापसानं अर्धी भरलेली असते. कापूस आवाज गिळतो. त्या खोलीत बोललेलं बाहेर येत नाही. आम्ही म्हणायचो, तिले कापसात ऊब लागते म्हणून बसते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी, कापसाच्याच दिवसांत, लॅपटॉपमध्ये कसलंसं अपडेट झालं आणि तो मुका झाला. स्पीकर नाही, इयरफोन नाही. ताई बटण दाबायची आणि थांबायची. पुन्हा दाबायची, पुन्हा थांबायची. बाबांनी गाडीवर टाकून तो राळेगावच्या दुकानात नेला. तिथल्या विद्वानानं कानाला लावून पाहिलं आणि स्पीकर उडाला असं सांगितलं. नवा स्पीकर बसवला, तरी ढिम्म. मग म्हणाला साउंड कार्ड उडालं. मग म्हणाला, सगळं उडवून दुसरी सिस्टीम टाकून देतो, मराठी बाई त्यात बोलणार नाही पण गाणे मस्त वाजतील. आंधळ्या माणसाच्या लॅपटॉपमधून मराठी बाई काढून गाणे घालणारा हा गडी. मी तेव्हा त्याला भरपूर नावं ठेवली. आता ठेवत नाही. त्यानं बिचाऱ्यानं निदान अडाणीपणानं घोटाळा केला.

"तुह्यं तर कामच आहे ना हे?" ताई मला म्हणाली. "गुरुवारी दुपारी तीन वाजता माह्यं काम आहे. तवापर्यंत इयरफोनमधून आवाज आला पायजे."

काय काम, असं मी विचारलं नाही. ताईचं काम म्हणजे भाकरी आणि चहा, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

रविवारी मी बसलो. रोग तासाभरात सापडला. नव्या ड्रायव्हरमध्ये या जुन्या मॉडेलची यादीच कोणीतरी गाळून टाकली होती. माझ्यासारखाच कोणीतरी, दूर कुठं खुर्चीवर बसून, असले जुने डबे आता कोण वापरतं म्हणून. स्पीकरच्या ओळी मी पुन्हा लिहिल्या, चिप जागी झाली. इयरफोनचं जरा किचकट होतं. इयरफोन घातला आहे की नाही हे सांगणारी जी तार असते ती या मॉडेलमध्ये खोटं बोलते. घातलेला असला तर नाही म्हणते, नसला तर आहे म्हणते. तिचा खोटेपणा निस्तरून इयरफोनचा रस्ता जोडायचा तर अजून दोन ओळी आणि थोडी डोकेफोड लागली असती. मी इयरफोनचा रस्ता जोडलाच नाही आणि सगळा आवाज कायमचा स्पीकरला बांधून टाकला. याला आमच्या धंद्यात वर्कअराउंड म्हणतात. मराठीत कामचुकारपणा.

लॅपटॉप खणखणीत बोलायला लागला. आई पदराला हात पुसत येऊन ऐकून गेली. मोठेबाबा भिंतीवरून म्हणाले, "आता कसं, आमालेही आयकू येते." मी शेंदूर फासलेल्या दगडासारखा ताठ बसलो होतो, कोणी पाया पडतं का पाहत.

ताईनं इयरफोन लावून पाहिला. "याच्यात नाही येऊन राह्यला."

"स्पीकर वाजून राह्यला ना खणखणीत."

"मी इयरफोन म्हनलतं."

"अवो ताई, घरात कोन परकं आहे?"

ती इयरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत बसली. मंगळवारी तिनं पुन्हा विचारलं. बुधवारी विचारलं. माझं कंपनीचं काम अंगावर आलं होतं, परदेशातल्या कुठल्याशा ग्राहकाला त्याच्या गाडीत गाणं जास्त गोड ऐकू यायला हवं होतं. मी म्हटलं, "करतो ना, दोन ओळीचं तर काम आहे." दोन ओळींचं काम होतं, आणि ते मी तीन दिवस केलं नाही. हे वाक्य लिहितानाही मला माझीच चीड येते.

बुधवारी आणखी एक झालं. बाबांना जिनिंगला जायला गाडी मिळाली आणि त्यांनी कापूस भरून पाठवला. मधली खोली झाडून लख्ख केली. ताईला कोणी विचारलं नाही. कापूस कधी पाठवायचा हे ताईला विचारायचं असतं, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी दुपारी जेवणं झाली. बाबा आणि मोठेबाबा ओसरीत पान लावत बसले. मी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर होतो. ताईनं धुतलेली साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. ती लॅपटॉप घेऊन मधल्या खोलीत गेली. दाराशी क्षणभर थांबली. रिकामी खोली तिला पावलांच्या आवाजावरूनच कळली असणार. मग तिनं दार लोटलं. आतून गोधडी ओढल्याचा आवाज आला. लॅपटॉपचा आवाज दाबायला ती वर गोधड्या घालत होती.

तीन वाजता आत कोणीतरी बाई बोलायला लागली. आधी गुदमरल्यासारखी. "ताई, तुमचा आवाज नीट येत नाही हो. समोर काही ठेवलंय का?" मग गोधडी सरकली आणि त्या रिकाम्या खोलीतून बाईचा आवाज अख्ख्या घरात घुमला.

अंध मुलींच्या एका निवासी शाळेची ती मुलाखत होती, व्हिडिओ कॉलवर. कॉम्प्युटर शिकवायला एक बाई हवी होती, राहायला खोली देणार होते. कॉम्प्युटर चालवून दाखवायचा होता, म्हणून फोनवर भागणारं नव्हतं. हे सगळं मी तिथंच बसून ऐकलं, बाबांनी ऐकलं, मोठेबाबांनी पान तसंच हातात धरून ऐकलं. ताईनं एक पत्र लिहून दाखवलं, एक तक्ता करून दाखवला. तिची मराठी इतकी सरळ आणि शांत होती की ही आपल्या घरातली बाई आहे यावर माझा विश्वास बसेना.

मग त्या बाईनं विचारलं, "घरच्यांची परवानगी आहे ना?"

आमचं घर ऐकत होतं हे ताईला माहीत होतं. तिला पानाचा डबा बंद झाल्याचाही आवाज आला असेल. ती म्हणाली, "मॅडम, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. घरी सगळे सांगतात की ते मला सांभाळतात. मी त्यांना सांभाळते हे कोणी सांगत नाही. मला आता पगार घेऊन सांभाळायचं आहे, मुलींना."

बाबा उठले. मी उठलो नाही. बाबांनी दार ढकललं आणि विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली?"

"हे माझे वडील आहेत, मॅडम," ताई म्हणाली.

बाबा लॅपटॉपसमोर वाकले आणि ओसरीतल्या फोनवर ओरडतात तसं ओरडले, "पोरगी आंधळी हाये. तिले कोठी जाता येत नाही. आमाले नोकरीबिकरी काही करायची नाही." आणि झाकण लावलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "आपन आहो ना तिले सांभाळाले." कोणाला म्हणाले कोणास ठाऊक. मोठेबाबा, जे प्रत्येक गोष्टीवर मत देतात, ते भिंतीकडे पाहत राहिले.

ताई बाहेर आली. सरळ माझ्या टेबलाजवळ आली.

"तुले मी काय म्हनलतं?"

"इयरफोन."

"अन् तू काय केलं?"

उत्तराची वाट न पाहता ती चहा ठेवायला आत गेली. चहा नेहमीसारखाच झाला होता. मला लाज वाटली. साधी, लहानपणी चोरी सापडल्यावर वाटते तशी लाज. जगात कोणता आवाज कोणत्या दारानं जावा हे ठरवणारा मी तज्ज्ञ, आणि माझ्या बहिणीनं स्पष्ट सांगितलेलं दार मी मला सोयीचं नाही म्हणून बुजवलं होतं. दुकानदाराला नावं ठेवत होतो.

दिवे लागायच्या आत मी त्या दोन ओळी लिहिल्या. खोटं बोलणाऱ्या तारेचं उलटं धरलं, इयरफोनचा रस्ता जोडला, डाव्या कानाची एक ओळ, उजव्याची एक. घाईघाईत. कान तपासायला एक चाचणीही टाकली, त्यात बाई आधी 'डावा' म्हणते, मग 'उजवा'. ताईनं इयरफोन लावला, काही बटणं दाबली, थोडा वेळ ऐकलं.

"येते," ती म्हणाली.

"नीट येते ना?"

"येते म्हनलं ना."

त्यानंतर तिच्या लॅपटॉपमधून घरात आवाज आला नाही. ती रिकाम्या खोलीत बसायची, बोटं चालायची, बाहेर फक्त बटणांची टकटक. काय गेलं, काय आलं, आम्हाला काही कळलं नाही. बाबांना वाटलं, विषय संपला. लॉगमध्ये एरर नव्हता.

दोन आठवड्यांनी मी सकाळी उठलो तर ओसरीत चहा नव्हता. आई चुलीशी बसली होती. म्हणाली, "सातच्या गाडीनं गेली. मी बसवून देल्ली. ठेचा-भाकर बांधून देल्ली." बाबांनी विचारलं, कोठी गेली. आईनं शाळेच्या गावाचं नाव सांगितलं, जसं काही ते रोजचंच होतं. बाबा चपला घालून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. एवढ्या वर्षांत आईनं त्यांना न विचारता केलेली ही पहिली गोष्ट असावी. त्या दिवशी भाकरी जळक्या झाल्या आणि मोठेबाबांची दुपारची गोळी राहिली.

संध्याकाळी फोन आला. आईनं सवयीनं स्पीकर चालू केला आणि फोन बाजेवर ठेवला. आम्ही भोवती बसलो.

"स्पीकरवर आहे का?" ताईनं विचारलं.

"हो वो बाई. बंद करू का?"

"नको. राहू दे. सगळ्याईले आयकू दे." मग तिनं सांगितलं. मॅडमशी उरलेलं बोलणं इयरफोनवर झालं होतं. पोचली. खोली आहे, खिडकी आहे, सोबत एक बाई आहे. उद्यापासून वर्ग आहे. मोठेबाबाच्या गोळ्या फळीवर आहेत, पांढरी सकाळची, पिवळी दुपारची. बाबा उठून गेले नाहीत. ताईनं त्यांना विचारलं, "जेवले का बाबा?" ते म्हणाले, "जेवतो."

मग ती म्हणाली, "अन् साउंडवाला हाये का तिथं?"

"हाये ना," मी म्हटलं.

"तुह्या त्या चाचणीत बाई डावा म्हनते तवा आवाज उजव्या कानात येते. उजवा म्हनते तवा डाव्यात. उलटं जोडून ठेवलं तू. पहिल्याच दिवशी समजलं मले."

मला त्या दोन ओळी डोळ्यांसमोर दिसल्या. पोचायचं ठिकाण आधी, निघायचं नंतर, आणि घाईत दोन्ही ओळींचा शेवट एकमेकांत अदलाबदल.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"तू पुन्हा हात लावला असता," ती म्हणाली. "मी इयरफोनचे बोंडं बदलून घालते. डाव्याचं उजव्यात. झालं."

फोन बाजेवर होता. आईनं पदर तोंडाला लावला, हसली का रडली मला कळलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चुकलं का तुह्यं?"

"हो," मी म्हटलं. स्पीकरवर होतं, सगळ्यांनी ऐकलं.